रात्रीतून बसलेलं चाक

संध्याकाळी दारात लावलेली गाडी चारही चाकांवर ताठ उभी असते आणि पहाटे तिचं एक चाक रिमपर्यंत खाली आलेलं असतं. टायर फाटलेला नसतो, वरून खिळा दिसत नाही, रात्री कुणी आवाजही ऐकलेला नसतो. अशा वेळी 'टायर बसला' असं म्हणतात, दमलेलं जनावर बसावं तसं. नगर जिल्ह्यात पाथर्डीच्या वाटेवरच्या तिसगावसारख्या गावात अशी सकाळ नवी नाही. मोटारी यायच्या कितीतरी आधीपासून इथली चाकं हळूहळू, गुपचूप बिघडत आली आहेत आणि तो बिघाड ओळखणारी माणसंही गावात राहत आली आहेत.

तिसगावची जागाच चाकांची आहे. नगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पूर्वेला निघालं की करंजीचा घाट ओलांडावा लागतो. मग करंजी आणि पुढे तिसगाव. पाथर्डीला जाणारा हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ६१ आहे. त्याचा आधीचा क्रमांक २२२, आणि लोकांच्या तोंडी तो कल्याण-विशाखापट्टणम रस्ता. शेवगावकडची वाट इथूनच फुटते. जवळच मढीला कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे यात्रा चालते आणि रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा मोठा बाजार भरतो. पाथर्डी तालुक्यातच आदिनाथनगरला वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. म्हणजे यात्रेकरूंच्या जीपा, एसटी, उसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि लांब पल्ल्याचे ट्रक या सगळ्यांची चाकं या एका गावावरून जातात. घाटात तापलेली, खड्ड्यांत आपटलेली चाकं इथे येऊन थांबतात.

चाकात हवा यायच्या आधी त्याला धाव होती. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. ती बसवणं हे सुतार आणि लोहार या दोघांचं काम. दोघेही गावाचे बलुतेदार, वर्षाच्या धान्यावर काम करणारे. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी गावाच्या या व्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव त्यांनी 'गावगाडा' ठेवलं. गाव कसं चालतं हे सांगायला त्यांना गाड्याचंच रूप सुचलं, यात नवल नाही.

सुतार बाभळीच्या लाकडाचं चाक घडवायचा: मधे तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेर लाकडी घेर. लोहार त्या घेरापेक्षा किंचित लहान लोखंडी कडं तयार करायचा. मग उघड्या जागेवर गोवऱ्यांची वर्तुळाकार भट्टी पेटायची. धाव तापून लाल झाली की ती फुगायची, मोठ्या सांडशींनी चार जण ती उचलून चाकावर ठेवायचे आणि घणाचे ठोके देत खाली बसवायचे. लाकूड पेट घेऊ लागलं की बाजूला भरून ठेवलेलं पाणी ओतायचं. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि थंड होत आकसणारं लोखंड साऱ्या चाकाला करकचून आवळायचं. सांध्यातले आरे कुरकुरत जागेवर बसायचे. पोरांची गर्दी व्हायची ती याच क्षणासाठी.

पण हे आवळणं कायमचं नसे. पाथर्डीचा मुलूख पर्जन्यछायेतला. चैत्र-वैशाखात लाकूड वाळतं, आकसतं आणि धाव सैल पडते. ती एकदम निखळत नाही. आधी चाकाचा आवाज बदलतो, मग धावेत आणि लाकडात फट दिसते, मग आरे हलू लागतात. हुशार गाडीवान कानानेच ओळखायचा. मग चाक काढून ओढ्याच्या डोहात किंवा हौदात रात्रभर बुडवून ठेवायचं. लाकूड पाणी पिऊन फुगलं की धाव पुन्हा घट्ट. लांबच्या प्रवासात ओढा लागला की गाडी मुद्दाम पाण्यात थोडा वेळ उभी करायची रीतही याचसाठी होती. ज्या मुलखात माणसांना आणि जनावरांना पाणी पुरत नाही तिथे चाकालाही पाणी लागायचं. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण हवेचं चाक आलं तरी त्याचा वैद्य पाण्यालाच विचारत राहिला.

हवेच्या चाकाची कल्पना पहिल्यांदा स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांना सुचली. १८४५ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं, पण तेव्हा ना सायकल होती ना मोटार, आणि चाक विस्मरणात गेलं. १८८७-८८ मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तेच नव्याने घडवलं. फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये सहज काढता येईल असा सायकलचा टायर केला आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांवरची मोटार उतरवली. वाटेत ट्यूबा पुन्हापुन्हा बदलाव्या लागल्या, पण हवेवर मोटार चालते हे जगाने पाहिलं.

दोन वर्षं आधी, १८९३ मध्ये, ऑगस्ट श्रेडर यांच्या नावाच्या व्हॉल्व्हचं पेटंट झालं होतं. श्रेडर जर्मनीहून न्यूयॉर्कला आलेले कारागीर. पाणबुड्यांच्या शिरस्त्राणांची आणि हवेच्या नळ्यांची कामं त्यांच्या कारखान्यात होत असत. पाण्याखालच्या माणसाची हवा बाहेर जाऊ नये म्हणून जो हात तयार झाला, त्याच हाताने टायरचा व्हॉल्व्ह घडवला. आज तिसगावातल्या कोणत्याही मोटारीच्या, ट्रकच्या वा मोटारसायकलच्या चाकावर तोच व्हॉल्व्ह असतो.

हवेचं चाक भारतात आलं तेव्हा इथली जमीन त्याची वाटच पाहत होती. बाभळीचा काटा, बोरीचा काटा आणि सगळ्यांत कपटी तो सराटा. पावसाळा सरला की माळरानावर जमिनीलगत पसरणाऱ्या या पिवळ्या फुलांच्या वेलीची फळं वाळतात आणि कशीही पडली तरी त्यांचं एक टोक आभाळाकडे राहतं. अनवाणी माणूस, मेंढरू आणि सायकल तिघांचाही तो वैरी. हीच वनस्पती अमेरिकेत पोचली तेव्हा तिथल्या लोकांनी तिचं नावच 'पंक्चरची वेल' ठेवलं. त्यात भर बैलांच्या पत्र्यांची. नालबंद बैलाच्या खुरांना पत्र्या ठोकतो. झिजलेली पत्री गळते आणि तिचे खिळे रस्त्यावर पडतात. युरोपात पहिल्या मोटारवाल्यांचा मोठा शत्रू घोड्याच्या नालेचा खिळा होता. आपल्याकडे तो मान बैलाच्या पत्रीने घेतला, आणि उसाच्या रस्त्यांवर अजून सोडलेला नाही.

म्हणूनच मराठीत पंक्चर 'काढतात'. हिंदीत ते बनवतात किंवा लावतात, म्हणजे तिथे लक्ष ठिगळाकडे आहे. मराठी माणसाने आधी काट्याकडे पाहिलं. पायातला काटा काढावा तसं चाकातलं पंक्चर काढायचं. भाषेचा हा कल कारागिराच्या कामाशी नेमका जुळतो, ते पुढे येईलच.

नगर जिल्ह्याच्या वाहतुकीतला मोठा दिवस म्हणजे १ जून १९४८. राज्य परिवहनाची पहिली गाडी त्या दिवशी नगरहून पुण्याला निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, लाकडी बांधणीची तीस आसनांची बेडफर्ड गाडी आणि अडीच रुपये तिकीट. पुढच्या वर्षांत एसटी खेड्यापाड्यांत पोचली आणि हवेचं चाक सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यात आलं ते तिच्याबरोबर. एसटीने टायरची काळजी हे स्वतंत्र खातंच केलं. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवणारे महामंडळाचे स्वतःचे कारखाने उभे राहिले. खासगी गाडीवाल्याला मात्र वाटेवरचा कारागीरच आधार होता. त्यासोबत 'स्टेपनी' हा शब्दही खेड्यात रुजला. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर थॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ साली जादा चाक विकायला काढलं, त्या रस्त्याचं हे नाव. इंग्लंडमध्ये ते मागे पडलं. ब्राझीलमध्ये 'एस्तेपी' म्हणून राहिलं आणि तिसगावच्या जीपवाल्याच्या तोंडी आजही जसंच्या तसं आहे.

बैलगाडीने मात्र लोखंडाशी नातं सहज तोडलं नाही. ते तुटलं ऊसकारणामुळे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातला सहकारी साखर कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला आणि जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली. शेतातून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत ऊस लवकर पोचायला हवा, कारण तोडलेला ऊस वाळतो आणि वजन व साखर दोन्ही घटतात. लोखंडी धावेची गाडी डांबरी रस्ता कापत जाते, चिखलात रुतते आणि बैलांचा जीव काढते. रबरी चाकांची गाडी त्याच बैलजोडीने कितीतरी अधिक ऊस ओढू शकते. म्हणून कारखान्यांनी टायरच्या गाड्या तयार करून ऊसतोड कामगारांना भाड्याने द्यायला सुरुवात केली.

पाथर्डी आणि शेवगाव हे तालुके, शेजारच्या बीड जिल्ह्यासारखेच, ऊसतोडीला माणसं पुरवणारे. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं बाहेर पडतात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या मजुरांचे प्रकारही चाकावरून पडले आहेत. स्वतःची बैलगाडी घेऊन जाणारे 'गाडी सेंटर'चे. कारखान्याची रबरी चाकांची गाडी आणि आपले बैल घेऊन ऊस वाहणारे 'टायर सेंटर'चे. डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक भरणारे 'डोकी सेंटर'चे. माणसाच्या कामाला, मजुरीला आणि कोपीतल्या, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतल्या, संसाराला चाकाच्या नावाने ओळखलं जावं, असं उदाहरण विरळाच. टायर सेंटरवरच्या कुटुंबाला बसलेल्या चाकाची किंमत कळते तशी मोटारवाल्याला कधीच कळत नाही. पहाटे भरलेली गाडी वाटेत बसली तर वजनकाट्यावरचा नंबर जातो, बैल जुवाखाली ताटकळतात आणि अख्खी खेप मागे पडते.

एसटी, ट्रक, जीप आणि टायरगाड्या वाढल्या तशी रस्त्याकडेला एक नवी टपरी उभी राहिली. पाटीची गरज नसते. रंगवलेला जुना टायर उभा केला की लांबून कळतं. महाराष्ट्राच्या महामार्गांवर या व्यवसायात केरळची माणसं फार मोठ्या प्रमाणावर आली. मराठवाड्यातल्या किंवा खानदेशातल्या आडबाजूच्या फाट्यावरही मल्याळी पंक्चरवाला भेटतो आणि अस्खलित मराठी बोलतो. पुढे उत्तर भारतातून आलेले आणि गावातलेच तरुणही या कामात उतरले. बलुतेदारीत लोहार-सुताराचं घर जातीने ठरलेलं होतं. पंक्चरचं काम मात्र कुठूनही आलेला माणूस उमेदवारी करून शिकू शकला. या धंद्याचं हे मोठेपण आहे.

काम बाहेरून सोपं दिसतं. जॅक लावायचा, चाक उतरवायचं, टॉमीने टायर रिमवरून उचकटायचा, ट्यूब काढायची, हवा भरून पाण्यात धरायची आणि बुडबुडे दिसतील तिथे ठिगळ लावायचं. पण मोठ्या भोकाचा बुडबुडा कुणालाही दिसतो. खरी परीक्षा बारीक गळतीची. ट्यूब पाण्यात हळूहळू फिरवत, थोडी ताणत, थांबत पाहावी लागते. कधी मिनिटाला एखादाच थेंबाएवढा फुगा सुटतो. पाणी ढवळलेलं असेल तर तोही कळत नाही. कधी फुगा जुन्या ठिगळाच्या कडेतून येतो, कधी ट्यूबच्या जोडातून, कधी व्हॉल्व्हच्या बुडातून. शहाणा कारागीर म्हणून चाक खोलायच्या आधीच बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर फिरवतो. तिथे फुगा धरला तर पिन आवळून किंवा बदलून दोन मिनिटांत काम संपतं.

आणि काटा शोधणं वेगळंच. ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्ह टायरच्या कुठल्या जागी होता याची खडूने खूण केलेली असते. ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहून टायरच्या आत नेमक्या त्या जागी बोटं फिरवायची. बाभळीच्या काट्याचं टोक आत मोडून राहतं. बाहेरून टायर धडधाकट दिसतो, रबर पुन्हा मिटून जातं. ते टोक न काढता ट्यूब बसवली तर पाच-दहा मैलांवर पुन्हा तेच. काटा असा आतच राहतो, आणि ठिगळ लावणारा बदनाम होतो. मराठीतलं 'काढणं' इथे अक्षरशः खरं आहे.

ठिगळाचेही प्रकार. कानशीने ट्यूब खरवडून, सोल्युशन लावून, ते सुकेपर्यंत थांबून डकवलेलं थंड ठिगळ सायकलला आणि हलक्या गाडीला चालतं. जो थांबत नाही त्याचं ठिगळ उन्हाळ्यात सुटतं आणि त्याच्या कडेतून पुन्हा हळूहळू हवा जाऊ लागते. ट्रकच्या ट्यूबला गरम ठिगळ हवं. कच्च्या रबराचा तुकडा शिकंज्यात दाबून, वरच्या डबीत चिंधी पेटवून किंवा विजेच्या तव्यावर तापवला की तो ट्यूबशी एकजीव होतो. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना रबर गंधकासोबत तापवल्याने बळकट होतं हे सापडलं, तीच क्रिया इथे हातभर जागेत चालते. टायरच फाटला असेल तर आतून 'गेटर', म्हणजे आधाराचा जाड तुकडा, टाकायचा. आग, दाब आणि शेजारी पाण्याची टाकी, हा सरंजाम धाव चढवणाऱ्या लोहाराला परका वाटला नसता.

मग ट्यूबच गेली. अमेरिकेत गुडरिच कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस ट्यूबविना टायर आणला आणि १९५५ च्या सुमारास तिथल्या नव्या मोटारींत तो रूढ झाला. भारतात तो सर्रास दिसायला नवं शतक उजाडलं. त्याने पंक्चरचा स्वभावच पालटला. ट्यूबच्या चाकात खिळा घुसला की पातळ रबर फाटतं, हवा रिमच्या भोकातून निघून जाते आणि गाडी थोड्याच वेळात लंगडते. ट्यूबलेस टायरच्या आतला मऊ थर खिळ्याला घट्ट धरून बसतो, खिळा स्वतःच बूच होतो. हवा तासाला थोडी, दिवसाला काही पौंड अशी जाते. पूर्वी बारीक गळती हा अपवाद होता, आता तीच रीत झाली. चालक चार-चार दिवस खिळ्यासकट फिरतो. शिवाय रिमच्या कडेला गंज चढला, खड्ड्यात आपटून रिम वाकला किंवा व्हॉल्व्हचं रबर चिरलं, तरी टायरला जखम नसतानाही हवा उतरते.

अशा चाकाला पाण्याच्या टाकीत बुडवण्याची गरज क्वचित पडते. साबणाचं पाणी बाटलीतून शिंपडलं की फेसाचा पांढरा ठिपका जागा दाखवतो. मग खिळा उपटून चिकट दोरी सुईने आत ढकलायची आणि बाहेर उरलेली कापायची. चाक उतरवावंही लागत नाही. आतून छत्रीसारखा मशरूम पॅच लावणं अधिक टिकाऊ, पण त्याला टायर खोलावा लागतो आणि रस्त्यात घाई असते. बाजूच्या भिंतीत खिळा असेल तर मात्र दोरीचा मोह धरू नये. टायरची ती बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते, तिथे ठिगळ धरत नाही.

कमी हवेचं चाक म्हणजे नुसती अडचण, असा समज अजूनही आहे, आणि तो घातक आहे. हवा कमी झाली की टायरची भिंत जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता वाढते आणि वेगात तापलेला टायर फुटतो. निरोगी टायरमधूनही महिन्याला एक-दोन पौंड हवा झिरपून जाते. पारा पाच-सहा अंशांनी उतरला की आणखी एखादा पौंड कमी भरतो. म्हणून थंडीच्या पहाटे पुष्कळ गाड्यांची हवा कमी निघते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते याच जिल्ह्यातल्या शिर्डीपर्यंत समृद्धी महामार्ग खुला झाला. तिथे टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन खात्याला २०२३ मध्ये प्रवेशावरच टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. अमेरिकेत अशाच अपघातांच्या मालिकेनंतर २००० साली कायदा झाला आणि टायरमधला दाब कमी झाल्याचा इशारा चालकाला देणारी यंत्रणा नव्या गाड्यांना सक्तीची झाली. आपल्याकडे २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला: साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल. लॅनेलीच्या रस्त्याचं नाव शंभराहून अधिक वर्षं वाहून आणणारं पाचवं चाक त्यामुळे काही नव्या गाड्यांतून उतरू लागलं आहे.

दाब दाखवणारा पिवळा दिवा हवा उतरल्याचं सांगतो, कुठून उतरली ते सांगत नाही. ती जागा अजून माणसालाच शोधावी लागते. काँप्रेसर सुरू होतो, बोट व्हॉल्व्हवर जातं, मग साबणाची बाटली. मोटारींसाठी एवढं पुरतं आणि टाकी बरेच दिवस कोरडी राहते. मग गळिताचा हंगाम येतो. ट्यूबची चाकं असलेल्या टायरगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि मजुरांच्या मोटारसायकली रस्त्यावर येतात, आणि दुकानदार सकाळी पहिल्यांदा दोन घागरी आणून टाकीत ओततो.